लॅपटॉप गेला. अँड्रॉइड न उडवता फोनवरच लिनक्स चालवून प्रबंध लिहिता येईल का?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

माझा आठ वर्षांचा लॅपटॉप मागच्या मंगळवारी गेला. पंखा फिरतोय, पडदा काळा, बाकी शांत. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं की मदरबोर्ड गेलाय, नऊ हजार लागतील, "त्यापेक्षा ताई, अजून थोडे घाला आणि नवाच घ्या." थोडे म्हणजे पंचवीस हजार. मुलीची अकरावीची फी आत्ताच भरली आहे, त्यामुळे दिवाळीपर्यंत तो विषय बंद.

मी आंबेजोगाईला माध्यमिक शाळेत शिकवते आणि सोबत पीएच.डी. चालू आहे. विषय जात्यावरच्या ओव्या. चार प्रकरणं झालीत, पाचवं अर्ध्यावर. सगळं लिब्रेऑफिसच्या (वर्डसारख्या) रायटरमध्ये, तळटिपा तीनशे बारा. पेनड्राइव्हवर कॉपी होती म्हणून वाचले. तीच फाइल फोनवरच्या एका ऑफिस अ‍ॅपात उघडून बघितली, तर तळटिपांचे आकडे हलले आणि टॅब देऊन लावलेल्या ओव्यांच्या ओळी डाव्या कडेला जाऊन चिकटल्या. सेव्ह करायची हिंमतच झाली नाही.

फोन मात्र बरा आहे: ८ जीबी रॅम, १२८ जीबी जागा (३१ रिकामी), अँड्रॉइड १३. घरात एक यूएसबी कीबोर्ड आहे, माऊस आहे, माळ्यावर १९ इंची जुना मॉनिटर आहे. भाचा म्हणतो, "मावशी, फोन रूट कर, लिनक्स टाक, मस्त चालेल." (रूट म्हणजे कंपनीचं कुलूप काढून फोनचा पूर्ण ताबा घेणं, लिनक्स म्हणजे विंडोजसारखी संगणकाची प्रणाली.) पण याच फोनवर माझा पगार येतो, यूपीआय आहे, शाळेचे सगळे गट आहेत. तो प्रयोगाला देणं मला परवडणारं नाही.

तर विचारायचं एवढंच: रूट न करता, आहे ते अँड्रॉइड तसंच ठेवून, खरं लिब्रेऑफिस फोनवर चालतं का? आणि त्यात मराठी नीट उमटतं का? जाणकारांनी सांगावं.

शंकेखोर

एवढा खटाटोप कशाला? सायबर कॅफेत जा. तासाला वीस-तीस रुपये घेतात.

पाटीपेन्सिल

@शंकेखोर, शाळा सुटून घरी येऊन, स्वयंपाक आवरून मी लिहायला बसते तेव्हा साडेनऊ झालेले असतात. आमच्याकडचा कॅफे आठला शटर ओढतो.

जुनाखोका

ताई, चालतं. मी नाशिकरोडला मॉनिटर-यूपीएस दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि दीड वर्ष दुकानाची बिलं फोनवरच्या डेबियनमध्येच (लिनक्सचाच एक प्रकार) करतोय. आधी एक सांगतो, भाच्याचं ऐकू नका. रूट करायचं तर बूटलोडर, म्हणजे फोन चालू करणारा मूळ प्रोग्राम, उघडावा लागतो, तो उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, आणि नंतर बँकेची अ‍ॅप्स तुमच्याकडे चोर असल्यासारखी बघतात. तुमच्या कामाला त्याची गरजच नाही.

हे खूळ तसं नवीन नाही. २०११ मध्ये मोटोरोलाचा एट्रिक्स आला होता. तो फोन लॅपटॉपसारख्या एका रिकाम्या सांगाड्याच्या पाठीत खोचायचा, की पडद्यावर डेस्कटॉपचा फायरफॉक्स. फेब्रुवारी २०१२ मध्ये उबुंटू हे लिनक्स काढणाऱ्या कॅनॉनिकलने 'उबुंटू फॉर अँड्रॉइड' जाहीर केलं: खिशात असताना अँड्रॉइड, मॉनिटरला जोडला की उबुंटू, खाली कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एकच. मी तेव्हा दुकानात येईल त्याला ते दाखवत सुटलो होतो. एकाही फोनवर ते विक्रीला आलं नाही. मग २०१८ च्या शेवटी सॅमसंगने 'लिनक्स ऑन डेक्स' काढलं, नोट ९ आणि टॅब एस४ वर उबुंटू १६.०४ चालायचं. अँड्रॉइड १० आलं आणि तेही बंद झालं. थोडक्यात, कंपन्यांनी हे पान तीनदा वाढलं आणि आपण बसायच्या आत उचललं. टिकलं ते लोकांनी स्वतः केलेलं.

त्याचं नाव टर्मक्स. हे अँड्रॉइडचं साधं अ‍ॅप आहे, टर्मिनल म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी देतं. एफ-ड्रॉइड या मोफत अ‍ॅप्सच्या दुकानावरून घ्या. त्यात 'प्रूट-डिस्ट्रो' नावाचं पॅकेज टाकायचं आणि त्याच्याकडून डेबियन उतरवून घ्यायचं. मग 'प्रूट-डिस्ट्रो लॉगिन डेबियन' म्हटलं की तुम्ही डेबियनच्या आत.

आत म्हणजे नेमकं कुठे, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी दुखणी तिथूनच येतात. वाड्याचं बघा. मालक अँड्रॉइड. त्याने टर्मक्सला एक खोली दिली. टर्मक्सने त्या खोलीत डेबियनला पोटभाडेकरू म्हणून ठेवून घेतलं. नळ, वीज, जिना सगळं मालकाचं, म्हणजे कर्नल अँड्रॉइडचाच. डेबियनला वाटतं आपणच घरमालक, 'मी रूट आहे' म्हणून मिरवतं, पण ती प्रूटने केलेली बतावणी आहे. डेबियनने कुठलीही फाइल मागितली की प्रूट मध्येच हात घालून पत्ता बदलतो आणि खोलीतली फाइल काढून देतो. दरवेळी हा मध्यस्थ, म्हणून काम थोडं मंद. टायपिंगला जाणवत नाही. पॅकेजं उतरवताना मात्र चहा ठेवून या. माझ्याकडे एक्सएफसीई (खिडक्या-मेनूवाला डेस्कटॉप) आणि लिब्रेऑफिस धरून साडेचार जीबी गेले. रायटर पहिल्यांदा उघडायला वीसेक सेकंद घेतो, नंतर लगेच.

आता मॉनिटरचं. इथे बहुतेक जण आपटतात. टाइप-सी भोक आहे म्हणजे त्यातून चित्र बाहेर पडतं असं नाही. त्यासाठी फोनमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय लागते, आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनना यूएसबी २.० एवढंच दिलेलं असतं. त्यातून कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह चालतात, चित्र नाही. आठशे रुपयांचा एचडीएमआय डोंगल घेऊन माझ्या दुकानात येणारी महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइकं असतात. डोंगल चांगला असतो, फोनलाच ती विद्या येत नसते. तेव्हा आधी फोनचं मॉडेल तपासा, मग पैसे खर्च करा.

नसेल सोय, तर घरात एखादा जुना टॅबलेट आहे का? लॉकडाउनमध्ये पोरांसाठी घेतलेला? मग डेबियनमध्ये टायगर-व्हीएनसी (एका यंत्राचा पडदा दुसऱ्यावर दाखवणारं) टाका, फोनचा हॉटस्पॉट लावा, टॅबलेट त्याला जोडा आणि टॅबलेटवर व्हीएनसी व्ह्यूअर उघडा. कीबोर्ड टॅबलेटला लावायचा. फोन बाजूला चार्जिंगला पडून राहील. एकच खोच: डेबियनचा व्हीएनसी मुळात बाहेरच्या कुणाला दारात उभं करत नाही, सुरू करताना 'लोकलहोस्ट नो' सांगावं लागतं. आणि पासवर्ड ठेवा.

मुठाकाठ

जुनाखोका, वाड्याचं उदाहरण ढापतो आहे. :)

त्यात माझी भर. मार्च २०२५ पासून पिक्सेल फोनवर गूगलनेच 'टर्मिनल' नावाचं अ‍ॅप दिलंय. सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये लिनक्सचा पर्याय चालू केला की पाचशे एमबीच्या वर काहीतरी उतरतं आणि डेबियन हजर. तो पोटभाडेकरू नाही. तो त्याच आवारात वेगळी बंगली बांधून राहिलेला, स्वतःचा मीटर, स्वतःचा कर्नल. म्हणजे पूर्ण आभासी यंत्र. माझ्या पिक्सेल ८ वर सुरुवातीला नुसती काळी खिडकी होती, अक्षरांपुरती. कोड लिहायला झकास, पण ताईंच्या कामाला ती उपयोगाची नाही. शिवाय फोन पिक्सेल नाही. तेव्हा जुनाखोकांचाच मार्ग.

टर्मक्स-एक्स११ म्हणून आणखी एक अ‍ॅप आहे. ते डेस्कटॉप फोनच्याच पडद्यावर दाखवतं आणि व्हीएनसीपेक्षा चपळ आहे. पण साडेसहा इंचांवर तीनशे तळटिपा म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांची सोय.

पाटीपेन्सिल

दोघांचेही आभार. टॅबलेट आहे! मुलगी सातवीत असताना ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, दहा इंची, कोपऱ्यात तडा गेलेला. रविवारी बसले. मॉनिटर परत माळ्यावर गेला, माझ्या फोनमधून चित्र निघत नाही.

डेबियन उतरलं, एक्सएफसीई आलं, आणि टॅबलेटवर डेस्कटॉप बघून मुलगी "आई, हॅकर झालीस" म्हणाली. पण रायटर उघडून पाच मिनिटं होत नाहीत तोच सगळं गायब. टर्मक्समध्ये एकच ओळ: प्रोसेस कम्प्लीटेड, सिग्नल ९. तीनदा झालं. शिवाय मराठीच्या जागी नुसते चौकोन. ओवी उघडली तर चौकोनांची चळत.

जुनाखोका

चौकोन म्हणजे फॉन्ट नाही, एवढंच. अँड्रॉइडचे फॉन्ट डेबियनला दिसत नाहीत. 'फॉन्ट्स-लोहित-देव' किंवा नोटोचं पॅकेज टाका. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा असेल तर त्याची फाइल डेबियनच्या फॉन्टच्या फोल्डरात टाकली तरी चालतं.

सिग्नल ९ हा मालकाचा दंडुका. अँड्रॉइड १२ पासून नियम आलाय: अ‍ॅप्सनी पाठीमागे सोडलेल्या पोरप्रक्रिया सगळ्या फोनभर मिळून बत्तीसच. तेहतिसावी आली की मालक येऊन एकाला उचलून बाहेर टाकतो. डेस्कटॉप म्हटलं की पॅनल, खिडक्या, सेटिंग, एकेकाची दोन-दोन पिल्लं, बत्तीस कधीच ओलांडतात. अँड्रॉइड १४ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे बंद करायचं बटण आहे. तुमच्या १३ ला ते एडीबीने, म्हणजे फोनला बाहेरून आज्ञा देण्याच्या साधनाने, करावं लागेल.

एडीबीला दुसरा संगणक लागतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि तुमच्याकडे तोच नाही. पण फोन स्वतःच स्वतःला जोडून घेतो. टर्मक्समध्ये 'अँड्रॉइड-टूल्स' टाका, सेटिंगमध्ये वायरलेस डीबगिंग चालू करा आणि जोडणीचा सहा आकडी कोड मागा. आता सावध: तो कोड दाखवणारी चौकट सोडून टर्मक्सकडे गेलात की कोड रद्द होतो. मी पहिल्या वेळी कागदावर लिहून घेऊन पळापळ केली, सात वेळा. उपाय सोपा, स्प्लिट स्क्रीन करा. वर सेटिंग, खाली टर्मक्स. पोर्टचे आकडेही दोन असतात, जोडणीचा वेगळा आणि नंतरचा वेगळा, त्यात गोंधळू नका. जोडलं गेलं की 'सेटिंग्ज_एनेबल_मॉनिटर_फँटम_प्रॉक्स' या सेटिंगमध्ये 'फॉल्स' घालायचं. नाव तोंडपाठ करायच्या भानगडीत पडू नका, कॉपी-पेस्ट करा.

आणि टर्मक्सच्या सूचनेवर 'वेकलॉक' दाबून ठेवा, बॅटरी बचतीतून त्याला वगळा. नाहीतर पडदा विझला की मालकही झोपतो आणि भाडेकरूलाही झोपवतो.

पाटीपेन्सिल

झालं!! स्प्लिट स्क्रीनची युक्ती नसती तर मी फोन भिंतीवर मारला असता.

काल सलग अडीच तास बसले. तळटिपा तीनशे बाराच्या तीनशे बारा जागेवर. ओव्या जशा लावल्या होत्या तशा. सर्वांसाठी दोन नोंदी:

एक, कीबोर्ड. टॅबलेटला लावलेल्या कीबोर्डवरून व्हीएनसीमार्गे डेबियनचा इन्स्क्रिप्ट लेआउट मला काही केल्या जमला नाही, अक्षरं भलतीच यायची. शेवटी आयबस (वेगवेगळ्या भाषांत टंकायची सोय देणारं साधन) आणि त्याचा एम१७एन भाग टाकला. त्यात चक्क गमभन आहे! इतकी वर्षं इथे रोमन अक्षरांतून मराठी ज्या पद्धतीने टंकते तीच. फक्त एक्सएफसीई 'डीबस-लाँच' लावून सुरू केलं नाही तर आयबस उठत नाही. यात माझी एक संध्याकाळ गेली.

दुसरं, ल आणि श. नोटो लावला तर दोन्ही हिंदी वळणाचे आले. माझ्या मार्गदर्शक बाई या बाबतीत कडक आहेत. "लेकी" मधला ल बघूनच फाइल परत येईल. लिब्रेऑफिसमध्ये त्या मजकुराची भाषा हिंदी लागली होती, ती मराठी केली तर दोन्ही अक्षरं पुढ्यात फिरली, गाठीचा श आणि आपला ल. मी तीनदा हिंदी-मराठी करून बघितलं, उगाचच.

बँकेचं एक अ‍ॅप मात्र डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की उघडायला नकार देतं. ते ऑप्शन्स बंद केले. बत्तीसची सवलत माझ्या फोनवर तरी त्यानंतरही टिकली आहे.

शंकेखोर

मागे घेतो. कॅफेत गमभन नसतं.

पाटीपेन्सिल (बारा दिवसांनी)

वाईट बातमी. पाचव्या प्रकरणाची अकरा पानं गेली.

परवा फोन म्हणाला जागा भरत आली. यादीत टर्मक्स सगळ्यांत वर, साडेपाच जीबी. वाटलं, कॅशे काढू. बोट 'क्लिअर कॅशे' वर न पडता शेजारच्या 'क्लिअर स्टोरेज' वर पडलं आणि विचारल्यावर मी 'ओके' म्हटलं. एका सेकंदात डेबियन, डेस्कटॉप, गमभन, सगळं साफ. फाइल मी डेबियनच्या डेस्कटॉपवरच ठेवत होते, लॅपटॉपच्या सवयीने. पेनड्राइव्हवरची कॉपी नऊ दिवस जुनी. सासूच्या ओव्यांचं अख्खं उपप्रकरण गेलेल्या पानांत होतं. ओव्या वहीत आहेत, पण त्यांच्यावरचं माझं लिखाण गेलं.

काही परत मिळतं का? खोटी आशा नको, सरळ सांगा.

जुनाखोका

नाही मिळत ताई. अ‍ॅपची खासगी जागा असते ती, रूट नसताना तिथे कुठलंही रिकव्हरी अ‍ॅप पोचत नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आणि यात चूक माझी आहे. डोंगलवर एवढं रामायण लिहिलं आणि जे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं ते राहिलं. पोटभाडेकरूचं सामान मालकाच्या नावावर नसतं. टर्मक्स काढलं किंवा त्याचा डेटा पुसला की डेबियनही गेलं, विचारणा नाही. मी स्वतः 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' करून बिलं फोनच्या डॉक्युमेंट्स फोल्डरात ठेवतो, इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं सुचलंच नाही. डेबियनच्या आतून ती जागा 'एसडीकार्ड' नावाने दिसते. तिथे ठेवलेली फाइल टर्मक्स गेलं तरी राहते.

सगळं लावून झालं की 'प्रूट-डिस्ट्रो बॅकअप' करून अख्ख्या डेबियनची एक गठडी बांधा आणि पेनड्राइव्हवर टाका. पुन्हा वेळ आलीच तर 'रिस्टोर' म्हणायचं, दुसरी संध्याकाळ डीबसपायी जाणार नाही.

मुठाकाठ

ताई, वाईट वाटलं. एक शक्यता: मधल्या काळात मार्गदर्शक बाईंना किंवा कुणाला काही पाठवलं होतंत का? मेल, व्हॉट्सअ‍ॅप, काहीही?

पाटीपेन्सिल

@मुठाकाठ, तुमच्या तोंडात साखर पडो. गेल्या शुक्रवारी चौकातल्या झेरॉक्सवाल्याला पीडीएफ पाठवली होती, सासूबाईंना वाचून दाखवायला मोठ्या अक्षरात छापून हवं होतं म्हणून. प्रूटमधून प्रिंटर काही जोडला गेला नव्हता, म्हणून पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपने धाडली होती. अकरातली सात पानं त्यात आहेत. उरलेली चार नव्याने लिहीन.

पीडीएफमधून मजकूर उचलताना वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे पडतायत, तेव्हा सातही पानं बघून पुन्हा टंकते आहे. फाइल आता डॉक्युमेंट्समध्ये आहे, जुनाखोका काका. गठडी पण बांधली, दीड जीबीची झाली. तुम्ही चूक स्वतःवर घेऊ नका, 'ओके' माझ्या बोटाने म्हटलं.

सासूबाईंनी छापील पानं ऐकली आणि दोन ओव्या चुकीच्या घेतल्यात म्हणून सांगितलं. त्याही दुरुस्त करायच्या आहेत.